सोवळ्यातली बिअर

सुप्रभाबाई मोघ्यांना आयुष्यात दोनच गोष्टी मनासारख्या जमल्या. एक सोवळं आणि दुसरं भांडण. हॅरोतलं घर विकून त्या मुलाकडे कार्डिफला राहायला आल्या, तेव्हा सोवळं बरोबर आणता आलं. भांडायला मात्र इथे माणूस मिळेना, आणि त्यावाचून त्या झुरायला लागल्या.

सोवळं म्हटल्यावर कोणी हात जोडू नयेत आणि कोणी नाकही मुरडू नये. बाईंचं सोवळं स्वतः शिवलेल्या ब्लाउजसारखं होतं. जिथे घट्ट हवं तिथे घट्ट, जिथे हात हलायला हवा तिथे सैल. हॅरोतल्या एका शाळेच्या किचनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं नोकरी केली आणि रोज शेकड्यांनी पोरांना सॉसेजेस वाढली. चिमट्याने उचललं तर विटाळ होत नाही, हा नियम त्यांनीच काढला आणि त्यांनीच मंजूर केला. घरी आल्यावर मात्र युनिफॉर्म गॅरेजमध्ये उतरवायचा, आंघोळ करायची आणि मगच ओट्याला हात लावायचा. देव हे सगळं खरंच बघत असतो का, असं त्यांच्या यजमानांनी, म्हणजे विष्णूपंतांनी, एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या की देवाचं मला ठाऊक नाही, पण माझ्या स्वयंपाकघरात मला विचारल्याशिवाय कोणी हात घालत नाही, हे मला बघायला आवडतं.

विष्णूपंत अंडरग्राउंड रेल्वेच्या सिग्नलखात्यात होते. माणूस दिसायला गरीब, पण भांडायला एक नंबर. घरातलं हीटिंग किती ठेवायचं, साबुदाणा किती भिजवायचा, नकाशात उत्तर कुठे आहे, कशावरूनही दोघांची जुंपायची. एकदा मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत भांडता भांडता हॅरो कधी मागे गेलं ते कळलंच नाही आणि दोघं थेट ॲमरशमला पोचले. परतीच्या गाडीत, चूक कोणाची यावरून पुन्हा भांडले. विष्णूपंत गेले तेव्हा बाई रडल्या ते रडल्याच, पण त्यानंतरची शांतता त्यांना रडण्यापेक्षा जड गेली. मुलगा म्हणाला, इकडेच ये. त्याने आपल्या अर्ध्या गॅरेजची छान खोली करून घेतली, तिला छोटा ओटा, छोटं सिंक, कोपऱ्यात देवघर. बाई आल्या.

आणि इथे सगळे गोड.

मुलगा अंशुमन हॉस्पिटलच्या आयटीत होता. जन्म हॅरोतला, मराठी कळायचं सगळं, बोलताना शब्दांची लिंगं मात्र जिथल्या तिथे कधी राहायची नाहीत. सून शाल्मली मराठी डॉक्टरांची मुलगी, कार्डिफातच वाढलेली, ऑप्टिशियन. दोघंही मनाने चांगली. पण बाईंनी भांडं घासायला घेतलं की शाल्मली म्हणणार, "आई, तुम्ही बसा." पोळ्या करते म्हटलं की अंशुमन म्हणणार, "You relax, Aai." चहा दिला तर थँक यू, चहा घेतला तरी थँक यू. बाई घरात चालायला लागल्या की दोघं भिंतीला लागून सॉरी म्हणायची. डिशवॉशरमध्ये चमचे उभे ठेवायचे की आडवे, यावरून एका रविवारी नवराबायकोचं वाजलं, ते बाईंनी भिंतीआडून ऐकलं आणि त्यांना त्या दोघांचा चक्क हेवा वाटला. पाहुण्याशी कोणी भांडत नाही, हे बाईंना पक्कं माहीत होतं. आपण या घरात पाहुण्या आहोत, एवढाच याचा अर्थ होता.

मग त्यांनी कळ काढायचं ठरवलं. आमटीत मीठ ओंजळीने घातलं. "Lovely, Aai," असं म्हणत अंशुमन दोन ग्लास पाणी प्यायला. टीव्हीसमोरच्या त्याच्या खुर्चीत त्या रोज संध्याकाळी आधीच जाऊन बसायला लागल्या, तर तो जमिनीवर बसला. त्याच्या आवडत्या सुऱ्या त्यांनी वरच्या फडताळात लपवल्या, त्याने गुपचूप लोणी लावायच्या बोथट चाकूने टोमॅटो चिरडले. कशानेही कोणी चिडेना. बाईंनी हात टेकले.

एजवेअरची गोष्ट तिथून सुरू झाली. त्यांची हॅरोतली जुनी मैत्रीण आशा आता एजवेअरला म्हाताऱ्यांसाठीच्या फ्लॅट्समध्ये राहायची. आपली माणसं बरीच, जेवण शाकाहारी, आणि लॉन्ड्रीच्या पाळीवरून रोज कडाकडा भांडणं. आशा फोनवर ती भांडणं रंगवून सांगायची आणि बाईंच्या तोंडाला पाणी सुटायचं. पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा होत होता. आशाने बाईंचं नाव तिथे घातलं. ऑगस्ट संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. बाईंनी घरात कोणाला सांगितलं नाही. इथे आपलं कोणाला काही अडत नाही, हे त्यांना रोज दिसत होतं. पण मुलगा एकुलता एक होता, आणि त्याला सोडून जायला मन होत नव्हतं, हेही खरं होतं.

अंशुमनला दर उन्हाळ्यात एक खूळ लागायचं. एका वर्षी पिझ्झाची भट्टी, एका वर्षी पाण्यावर उभं राहून वल्हवायची फळी. एका वर्षी मधमाश्या पाळणाऱ्याचा पोशाख आला, मधमाश्या काही आल्या नाहीत. या वर्षी बिअर. शाल्मलीने स्पष्ट सांगितलं की कर काय ते, पण एकही नवीन वस्तू या घरात येणार नाही, आहे त्यातून जमव. मग त्याने बागेतली एक बादली घेतली आणि तिच्यात दोनदा बिअर केली. दोन्ही वेळेला आंबट ढाण झाली आणि बागेतल्या हायड्रेंजियाच्या मुळाशी गेली. ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेला ऑफिसातले सगळे बार्बेक्यूला येणार होते, आणि घरची बिअर पाजीन असं हा बढाई मारून बसला होता.

ही दोन्ही प्रकरणं बाईंनी आपल्या खोलीच्या दारातून पाहिली होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बर्गर उलटायचा चिमटा, त्याच चिमट्याने बिअर ढवळायची, मधेच शिंकायचं, तोच हात चड्डीला पुसून बादलीत घालायचा. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली होती, पण पाहुणीने बोलू नये म्हणून त्या गप्प राहिल्या. तिसऱ्या वेळेला मात्र त्यांच्याने राहवेना. बिअरसाठी आणलेल्या पोत्यातले दोन दाणे त्यांनी तोंडात टाकले. गोडसर लागले.

"हे सातू आहेत," त्या म्हणाल्या. "मोड आणून वाळवलेले."

"It's malt, Aai."

"तेच ते. आपण नाचणीसत्व करतो, त्यातलाच प्रकार. मग हे असं ओवळ्यात का करतोस? नासेल नाही तर काय?"

बिअर करू नकोस असं आई म्हणेल या भीतीने अंशुमनने आधीच मान खाली घातली होती. आईची तक्रार बिअरबद्दल नसून शिंकेबद्दल आहे, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्याने फोनवर तिला व्हिडिओ दाखवले. सातूचा भरडा कढत पाण्यात तासभर भिजवायचा, पाणी उकळतं नको आणि निवूही द्यायचं नाही. मग खालून गाळून गोड पाणी काढायचं, ते तासभर उकळायचं, त्यात हॉप्सची कडू फुलं टाकायची, झटपट गार करायचं आणि यीस्ट घालून झाकून ठेवायचं. बाईंना यात अवघड असं काहीच दिसलं नाही. अडचण फक्त भांड्यांची होती. आणि भांडी म्हणाल, तर उरलेल्या अर्ध्या गॅरेजमध्ये हॅरोच्या घरातले खोके छतापर्यंत रचलेले होते. विष्णूपंतांनी हयातीत एक स्क्रू टाकला नव्हता आणि बाईंनी एक डबा.

पहिल्यांदा निघाला तो निळा कूलबॉक्स. त्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी भरून मोघे कुटुंब बोर्नमथच्या समुद्रावर जायचं. गार ठेवणारी पेटी गरमही ठेवते, म्हणून भरडा भिजवायला हीच. तिच्या तळाशी नळ हवा होता. पुण्याहून आणलेला पाण्याचा स्टीलचा फिल्टर कुठल्याशा खोक्यात होता, बाईंनी त्याचा नळ वॉशरसकट काढून दिला. अंशुमनने ड्रिलने पेटीला भोक पाडलं ते जरा तिरकं पाडलं, नळ बसवला, आणि गळायला लागल्यावर भोवती इतकं सिलिकॉन थापलं की तो नळ आता पेटी मोडली तरच निघाला असता. भरडा नळात अडकू नये म्हणून आत जाळी पाहिजे होती. बाईंनी मोदकपात्रातली चाळणी काढली, पेटीत ठेवून बघितली आणि बोटभर कडा कापायला सांगितली.

अंशुमन चपापला. "Aai, that's Ganpati's."

"माझ्याकडे दुसरी आहे," बाई म्हणाल्या. "आणि त्याचा उंदीर सातूवर खूश होईल. काप तू."

उकळायला बाईंचं मोठं पातेलं निघालं. हॅरोच्या मंडळात शंभर पानांचा मसालेभात त्यातच व्हायचा. गार करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं करायचं होतं. जुना बॉयलर बदलला तेव्हाची नळी विष्णूपंतांनी जपून ठेवली होतीच. रिकामी नळी वाकवली तर दबते, म्हणून आत बारीक काहीतरी ठासून भरायचं असतं, असं व्हिडिओत होतं. बाईंनी मीठ दिलं. नळी साखरेच्या डब्याभोवती झकास वळली, पण मीठ आत दमट होऊन असं घट्ट बसलं की दोघांनी आळीपाळीने ती फरशीवर आपटत शनिवारची सगळी दुपार घालवली. शेवटी नळाचं गरम पाणी सोडल्यावर ते विरघळून निघालं. हे आधी सुचलं असतं तर दुपार वाचली असती, असं दोघांच्याही मनात आलं, बोललं कोणीच नाही. झाकण लावलेल्या बादलीतला वायू बाहेर जावा आणि बाहेरची हवा आत येऊ नये, यासाठी विष्णूपंतांच्या ब्लडप्रेशरच्या यंत्राची रबरी नळी कामाला आली. एक टोक झाकणात, दुसरं लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत, बरणीत पाणी.

यंत्र तयार झालं. दिसायला ते बोहारणीने नाकारलेल्या सामानासारखं होतं, पण बाईंना त्याचा अभिमान वाटला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या वस्तू खोक्याबाहेर आल्या होत्या.

मग त्यांनी नियम घातले. बिअरच्या दिवशी आधी आंघोळ. धुतलेला टी-शर्ट. फोन खोलीबाहेर. उकळून झाल्यावर जे जे बिअरला लागणार ते ते आधी कढत पाण्यातून काढायचं, आणि मग त्याला कोणी शिवायचं नाही, शाल्मलीनेसुद्धा नाही. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकून यायचं आणि पुन्हा हात धुवायचे. अंशुमन दोनदा बाहेर गेला. पण तोंडातून काय निघालं, तर "Sure, Aai. Thanks, Aai." इतका छळ केल्यावर विष्णूपंतांनी पातेलं डोक्यात घातलं असतं.

बादली ठेवायची कुठे, हा प्रश्न बाईंनीच सोडवला. देवघराशेजारी ठेवायची. तिथून गरम पाण्याचा पाइप जातो म्हणून ऊब असते, आणि आंघोळ केल्याशिवाय तिथे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई अथर्वशीर्ष म्हणत होत्या आणि लोणच्याची बरणी बुडुक बुडुक करायला लागली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, देवांकडे पाहिलं आणि पुढचं म्हणायला घेतलं. चार-पाच दिवसांत तर त्यांना तिच्या ठेक्यावर म्हणायची सवय झाली. आशाने फोनवर विचारलं, हा आवाज कसला? अंशूची बिअर, बाई म्हणाल्या. आशा इतकी हसली की फोन हातातून पडला. मग म्हणाली, मॅनेजरबाई विचारतायत, फ्लॅटचं काय ठरलं?

बाईंचं ठरत आलं होतं. बिअर बाटल्यांत गेली की आपलं काम संपणार, मग पुन्हा बसा आई, थँक यू आई. बुधवारी ग्रहण होतं. ग्रहणात असले निर्णय सांगायचे नाहीत. गुरुवारी सकाळी फोन करते आणि हो म्हणून सांगते, असं त्यांनी आशाला कळवून टाकलं.

ग्रहण सूर्याचं होतं, संध्याकाळचं, आणि कार्डिफमधून जवळजवळ सगळा सूर्य झाकला जाणार होता. अंशुमन आणि शाल्मली पुठ्ठ्याचे काळे चष्मे घेऊन कॅरफिलीच्या डोंगरावर बघायला गेले. बाई गेल्या नाहीत. ग्रहण ही बघायची गोष्ट नसून पाळायची गोष्ट आहे, असं त्यांचं मत होतं. खिडकीत त्यांनी महाप्रयासाने एक तुळस जगवली होती. वेल्समधल्या उन्हात तुळस जगवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. ग्रहण लागायच्या आधी तिची पानं त्यांनी खुडली आणि रीतीप्रमाणे एकेक करत दुधात, दह्यात, तुपात, लोणच्यात, दुपारच्या उरलेल्या आमटीत ठेवली. मग त्यांची नजर बादलीवर गेली.

बाईंनी शांतपणे विचार केला. शिजवलेलं आहे? आहे, तासभर उकळलंय. लोक पोटात घेतात? घेतात. मग ग्रहण लागतं. झाकण बंद आहे हे खरं, पण झाकण लोणच्यालाही होतं. आणि पोराची बिअर आधी दोनदा नासलेली, ऑफिसचे लोक यायचे, एवढ्यासाठी पुन्हा नासली तर? आपण जायच्या आधी हिचं तरी नीट होऊ दे, असं त्यांना फार वाटलं. त्यांनी ग्रहणाची आंघोळ केली होतीच. झाकण उचललं, आत पांढरा फेस टम्म फुगला होता. तुळशीची उरलेली सगळी पानं त्यांनी त्यावर सोडली, नमस्कार केला आणि झाकण परत ठेवलं. ते काठाला नीट दाबून बसवायचं असतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. बरणीची बुडबुड थांबली. ग्रहणात तीही मौन पाळतेय असं समजून बाई जपाला बसल्या.

आठच्या सुमाराला दोघं परत आली. ग्रहण कसं दिसलं ते सांगायला अंशुमन उत्साहाने आईच्या खोलीत आला आणि दारातच थबकला. बरणीकडे कान देऊन ऐकलं. मग झाकण वाकडं बसलेलं त्याने पाहिलं.

"Aai, please tell me you didn't open it."

"उघडलं. आंघोळ करून. तुळशीपत्र घालायला."

त्याने झाकण काढलं. फेसावर हिरवी पानं तरंगत होती. त्याने डोळे मिटले, आणि आता तो इट्स फाइन म्हणणार, हे बाईंना आधीच ऐकू आलं. त्याच्या ओठांनी तशी सुरुवातही केली. पण ते शब्द काही बाहेर आले नाहीत.

"कोण सांगितला तुला?" तो मराठीत ओरडला. "झाकण माझा आहे, बादली माझा आहे, बिअर माझा आहे. तू कशाला हात लावली?"

एकूण एक लिंग चुकलं, पण राग अस्सल होता. शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. बाईंच्या अंगात ऊब आली. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांच्या तोंडावर आवाज चढवला होता.

"आणि पातेलं कोणाचं?" त्यांनी पदर खोचला. "नळ कोणाचा? चाळणी कोणाची? दे माझ्या वस्तू परत. मग कर तुझी बिअर टोपीत." असं म्हणून त्या कूलबॉक्सकडे गेल्या आणि नळ उपटायला लागल्या. सिलिकॉनने त्यांना दाद दिली नाही. अंशुमन म्हणाला, घे ना, घेऊन जा तुझा नळ, आणि तोही दुसऱ्या बाजूने ओढायला लागला. नळ हलला नाही, पेटी मात्र दोघांच्या मधे गोल फिरली.

त्या ओढाताणीत त्याचं सगळं बाहेर आलं. सुऱ्या कुठे आहेत ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खुर्चीचं माहीत होतं. त्या आमटीनंतर त्याची झोप उडाली होती. सारखा मधे मधे हात घालतेस, कधी विचारत नाहीस, हे त्याने दोन भाषांत आलटून पालटून सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. म्हणजे याला सगळं लागत होतं, दिसत होतं, आणि हा गिळत होता.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"कारण तू गेली असती." अंशुमनने नळ सोडला. "एजवेअरची बाई मला फोन केली. मे महिन्यात, next of kin म्हणून. शाल्मली पहिल्यापासून म्हणते काही बोलू नको, be nice, आईला इथे आवडला पाहिजे. We've been so bloody nice, Aai. I'm exhausted."

बाई मोडक्या स्टुलावर बसल्या. या पोराने आपल्याला ठेवून घ्यायचं म्हणून खारी आमटी खाल्ली होती, जमिनीवर बसला होता. आणि आपण त्यालाच परकेपणा समजून निघालो होतो. त्यांना वाईट वाटलं, आनंद झाला, आणि त्याच्या एक मुस्कटात द्यावीशी वाटली, हे सगळं एकाच वेळी.

"अरे गाढवा," त्या म्हणाल्या, "त्या नाइसपायीच तर मी चालले होते."

तेवढ्यात दारात शाल्मली येऊन उभी राहिली, पुठ्ठ्याचा चष्मा अजून डोक्यावर. आरडाओरडा ऐकून ती धावत आली होती. काय चाललंय ते पाहून तिने दार लावून घेतलं आणि म्हणाली की बोलायचंच आहे ना, मग माझंही ऐका. तिची ऑम्लेटची कढई बाईंनी दोनदा शेडमध्ये नेऊन ठेवली होती. सकाळच्या धुपाने स्मोक अलार्म वाजून रात्रपाळीचे शेजारी उठत होते. बाई म्हणाल्या, कढई शेडमध्येच शोभते. शाल्मली म्हणाली, मग आईंनी शेडमध्ये राहावं. हे बोलून ती स्वतःच दचकली, पण बाईंनी तिच्याकडे अशा काही कौतुकाने पाहिलं की तिने कढईचा मुद्दा पुन्हा पहिल्यापासून मांडला. मग बिअरवर आले. अंशुमन म्हणाला, फेकून देऊ, कच्ची पानं पडली, संपली ती. बाई म्हणाल्या, ग्रहण सुटलंय, तुळशीने राखलीय, बाटल्यांत भरा. शाल्मली म्हणाली, हायड्रेंजिया आता तिसऱ्यांदा जगणार नाहीत. अंशुमनने चमचाभर काढून चाखली आणि खोकल्याच्या औषधासारखी लागते असं सांगितलं. म्हणजे औषधी आहे, बाई म्हणाल्या. जेवण गार झालं, निकाल लागला नाही.

सकाळी कामाला जाताना अंशुमनने बादलीवर मास्किंग टेप गुंडाळली. मी परत येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं बजावलं, थँक यू न म्हणता चहा संपवला आणि कप तिथेच टाकून गेला. शाल्मलीने जाता जाता सिंककडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "आई, ती भांडी तेवढी घासून टाका."

बाई भांडी घासत असताना आशाचा फोन आला. मॅनेजरबाई समोरच उभ्या आहेत, ती म्हणाली, चावी घेऊन. हो म्हणून सांगू ना?

"नाही गं," बाई ओल्या हाताने फोन धरत म्हणाल्या. "माझं इथे भांडण चालू आहे. मधेच उठून कशी येऊ?"